घरगुती केक व्यवसायासाठी परवडणारे बॉक्स कसे शोधावेत

घरून केक विकणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते: मैदा-लोण्याचा हिशेब जमतो, बॉक्सचा जमत नाही. ऑर्डर आली की धावपळ करून मिळेल तो बॉक्स आणायचा, तोही पाच-दहा नग, किरकोळ भावाने. मग कुणीतरी अमुक दुकान स्वस्त आहे म्हणतं आणि तिकडे फेरी होते. खरं सांगायचं तर दुकान बदलून जेवढं वाचतं त्याहून जास्त मापं कमी करून वाचतं. सहा मापांचे दहा-दहा बॉक्स घेणारा कुठेही गेला तरी किरकोळ गिऱ्हाईकच राहतो. तेच साठ बॉक्स दोन मापांत घेतले की दुकानदार भावाचं बोलायला लागतो. म्हणून पहिलं काम मोजपट्टीचं.

१. तयार केक मोजा, टिन नव्हे

८ इंची टिनमधला केक क्रीम लागल्यावर साडेआठ इंचांपर्यंत जातो. त्याच्याखाली १० इंची बोर्ड लागतो, म्हणजे हात लावायला आणि कडेच्या नक्षीला जागा राहते. बॉक्स घ्यायचा तो या बोर्डाच्या मापाचा, केकच्या नव्हे. बोर्ड बॉक्सच्या चारही भिंतींना जेमतेम टेकला की केक जागचा हलत नाही. बोर्ड सैल असेल तर गाडीच्या पहिल्याच वळणावर क्रीम भिंतीला लागणार.

उंची मोजताना ओट्यापासून सगळ्यात वरच्या फुलाच्या टोकापर्यंत मोजा आणि वर एक इंच मोकळा ठेवा. बोर्डाची जाडी यात विसरली जाते. १२ मिलिमीटरचा ड्रम, म्हणजे जाड बोर्ड, वापरत असाल तर जवळपास अर्धा इंच तिथेच गेला. एका थराच्या छोट्या केकला ३ मिलिमीटरचा कडक बोर्ड पुरतो आणि तो बराच स्वस्तही पडतो. जाड ड्रम दोन-तीन मजली, वजनदार केकसाठी ठेवा.

दुकानदाराने सांगितलेलं माप आतलं की बाहेरचं, हे मात्र विचारून घ्या. नालीदार, म्हणजे आत नागमोडी थर असलेल्या, पुठ्ठ्याच्या बॉक्समध्ये दोघांत चांगला फरक पडतो आणि बोर्ड कात्रीने कातरत बसावं लागतं.

२. मापं दोनवर आणा

मागच्या दोन-तीन महिन्यांच्या ऑर्डरी काढून बसा आणि कोणत्या मापाचे किती केक गेले ते लिहा. बऱ्याचदा दोनच मापं पुढे असतात. बाकीची मापं एखाद्या हौशी गिऱ्हाइकाची असतात, किंवा आपल्याकडे तो टिन पडलाय म्हणून चालू राहिलेली असतात. अशी मापं यादीतून काढून टाका. केकप्रमाणे बॉक्स शोधत बसण्यापेक्षा बॉक्सप्रमाणे यादी बेतणं सोपं असतं.

एकच बॉक्स अनेक कामांना लावता येतो. १० इंची चौकोनी बॉक्स म्हणजे साधारण २५ सेंटिमीटर. नेहमीच्या कपकेकची वरची रुंदी सातेक सेंटिमीटर असते, म्हणजे तीन रांगांत नऊ कपकेक बसतात. भोकं पाडलेला आतला ट्रे वेगळा विकत मिळतो, तो टाकला की केकचाच बॉक्स कपकेकचा झाला. ब्राउनी ठेवायची तर तळाला बटर पेपर घाला. ६ इंची केकही यात जातो. मोठ्या बोर्डावर तो थोडा एकाकी दिसतो खरा, पण बोर्डावरच नाव लिहायला आयती जागा मिळते.

उंच केकसाठी मात्र साठा करू नका. तो बॉक्स ऑर्डर पक्की झाल्यावरच आणायचा आणि त्याचे पैसे गिऱ्हाइकाला आधीच वेगळे सांगायचे.

३. पुठ्ठ्याची भाषा शिका

बॉक्स विकणारे ‘जीएसएम’मध्ये बोलतात. एक चौरस मीटर पुठ्ठ्याचं ग्रॅममधलं वजन, एवढाच त्याचा अर्थ. केकच्या साध्या बॉक्ससाठी ३०० ते ४०० जीएसएम हा वापरातला पट्टा आहे. त्याच्या खाली गेलात तर बॉक्स उचलताना तळ पोटासारखा खाली येतो. वजनदार केक किंवा लांबची डिलिव्हरी असेल तर नालीदार पुठ्ठा घ्यावा. त्यातला बारीक नालीचा, सुमारे दीड मिलिमीटर जाडीचा, हलका असून ताठ राहतो.

बाहेरून पांढरा आणि आतून राखाडी दिसणारा पुठ्ठा स्वस्त असतो, कारण त्यात रद्दीचा लगदा असतो. जुन्या छापील कागदातल्या शाईचे तेलकट अंश त्यातून खाण्यात उतरू शकतात, त्यामुळे केक त्याला थेट टेकता कामा नये. दोन्ही बाजूंनी पांढरा, खाद्यपदार्थांसाठी बनवलेला पुठ्ठा थोडा महाग मिळाला तरी मी तोच घेईन. पैसे वाचवायच्या इतर जागा आहेत.

खिडकीचा बॉक्स ही त्यातली पहिली. पारदर्शक फिल्मने भाव वाढतो आणि झाकणाची ताकद कमी होते. काउंटरवर मांडून विकायचं असेल तर खिडकी कामाची. केक थेट गिऱ्हाइकाच्या घरी जाणार असेल तर तो तसाही उघडूनच बघितला जातो.

४. भाव कुणाला आणि कसा विचारायचा

बेकरी साहित्याची दुकानं, कागदी मालाचे घाऊक विक्रेते, ऑनलाइन विक्रेते आणि थेट बॉक्स बनवणारे, या चारही ठिकाणी एकाच मापाचा, एकाच जीएसएमचा भाव विचारा. माप आणि जाडी न सांगता ‘केकचा बॉक्स कितीला?’ विचारलं की चार भाव येतात चार वेगळ्या बॉक्सचे, आणि तुलना फुकट जाते.

बनवणाऱ्याकडे कमीत कमी नगांची अट असते आणि आकडा ऐकून आपण फोन ठेवतो. ठेवू नका. त्याच्याकडे साच्यात आधीच असलेली मापं कोणती, ते विचारा. नव्या मापासाठी कापायचा साचा करावा लागतो आणि त्याचा खर्च आपल्याच नगांवर पडतो. त्याच्या चालू मापात आपला केक बसला तर हा खर्च येतच नाही. जास्तीचा बनवला गेलेला किंवा ऑर्डर रद्द झालेला कोरा माल पडून आहे का, हेही विचारावं. तो जागा अडवून बसलेला असतो, त्यामुळे भावात सूट निघू शकते. तरीही नग जास्त वाटत असतील तर ओळखीच्या दोन-तीन बेकरांनी मिळून एक गठ्ठा घ्यावा. माप मात्र सगळ्यांनी आधी एकच ठरवायचं, नाहीतर त्या एकत्र खरेदीत भांडणाशिवाय काही उरत नाही.

बॉक्स नेहमी घडीचे मागवा. कुरिअर कंपन्या आकारमानावरूनही वजन धरतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं, असा अनेकांचा हिशेब आहे. २५ × २५ × १२.५ सेंटिमीटरचा उभा केलेला एक बॉक्स या हिशेबाने दीड किलोच्या वर जातो, जरी त्याचं खरं वजन दीडशे ग्रॅमही नसलं तरी.

हिशेब असा मांडा: बिल, वाहतूक आणि कर यांची बेरीज भागिले वापरता येण्याजोगे बॉक्स. शंभर मागवले आणि सहा चेपलेले निघाले तर ९४ ने भागायचं. त्यात बोर्ड, स्टिकर, रिबन आणि चिकटपट्टी मिळवली की एका केकमागचा पॅकिंगचा खरा खर्च हाती येतो. तो केकच्या किमतीत धरायचा, नफ्यातून सोसायचा नाही.

५. सँपलची परीक्षा

एकच सँपल मागवा, पैसे देऊन का होईना. बॉक्स उभा करा आणि आत नाक घालून बघा. शाईचा किंवा गोंदाचा वास आला तर तिथेच विषय संपला, कारण क्रीम वास फार लवकर ओढतं. मग बोर्ड ठेवून त्यावर केकच्या वजनाइतकी साखरेची पिशवी ठेवा आणि तळाखाली हात न देता, फक्त दोन बाजूंनी धरून उचला. कोपऱ्याची खाच सुटते का, तळ झुकतो का, ते लगेच दिसतं. आता तसाच रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी बाहेर काढून अर्धा तास ओट्यावर राहू द्या. पुठ्ठ्यावर दव धरतं, आणि कच्चा बॉक्स याच अर्ध्या तासात मऊ पडतो. बोर्डावर लोण्याचं बोट लावून ठेवलं असेल तर तेल झिरपतं की नाही, तेही कळेल.

६. छपाईची घाई नको

नाव छापलेला बॉक्स कुणाला आवडत नाही? पण छपाईसाठी नग जास्त घ्यावे लागतात, आणि फोन नंबर बदलला की सगळा गठ्ठा वाया. कोऱ्या बॉक्सवर गोल स्टिकर लावा. तो झाकण आणि भिंत यांच्या जोडावर लावला की सीलचंही काम करतो. एकच स्टिकर सगळ्या मापांना चालतो. रबरी शिक्का त्याहून स्वस्त, फक्त तो बाहेरच्या बाजूलाच मारायचा.

७. साठा

बॉक्स जमिनीवर किंवा ओल येणाऱ्या भिंतीला लावून ठेवू नका. फळीवर, आडवे, प्लास्टिकच्या वेष्टनातच ठेवा आणि लागतील तेवढेच बाहेर काढा. मसाल्याच्या कपाटापासून लांब, हेही आलंच. तीन महिन्यांत संपेल त्याहून जास्त माल केवळ भाव उतरला म्हणून घेऊ नये. शेवटचा गठ्ठा फोडाल त्याच दिवशी पुढची ऑर्डर द्या, म्हणजे ऐन वेळी किरकोळ दुकानात धावावं लागणार नाही.