"आमचं ठरलंय" म्हणून कंडोम सोडताय? आधी या चुका टाळा

नक्की काय ठरलंय ते दोघांना वेगवेगळं विचारून बघा. तो म्हणतो बाहेर काही करायचंच नाही असं ठरलंय, ती म्हणते झालंच तर सांगायचं असं ठरलंय, आणि खरं तर यावर एकदाही नीट बोलणं झालेलं नसतं, नुसतं गृहीत धरलेलं असतं.

दुसरी चूक, टेस्टच्या आधीच कंडोम बंद. आम्हीही तेच करणार होतो, कारण लग्न ठरल्यावर फुल बॉडी चेकअप झाला होता ना! रिपोर्टची पाच पानं चाळली, शुगर, थायरॉइड, व्हिटॅमिन डी सगळं होतं, पण संबंधातून पसरणाऱ्या एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी यांचा पत्ताच नाही. २०१७ च्या कायद्याप्रमाणे एचआयव्ही टेस्टला तुमची संमती घ्यावी लागते, म्हणजे सही केल्याचं आठवत नसेल तर झालेली नाही असंच धरा. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) ही टेस्ट फुकट होते, रिपोर्ट गुप्त राहतो. आणि शनिवारी घडलं, सोमवारी निगेटिव्ह आलं, सुटलो, असं नसतं हो. बोटातून रक्त घेतात त्या रॅपिड टेस्टला लागण पकडायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. तोवर कंडोम, मग टेस्ट, ती पण दोघांची, एकाच्या रिपोर्टवर दोघं पास होत नाहीत.

सगळ्यात मोठा घोळ पुढे आहे. ठरलेलं मोडलं तर काय, हे कोणी ठरवतच नाही. "कळलं तर संपलं सगळं" असं आधीच बजावून ठेवलं की माणूस तोंड उघडेल का? गप्प बसतो, आणि एचआयव्ही टाळायच्या पीईपी गोळ्या तसा संबंध आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू करायच्या असतात (२८ दिवस घ्यायच्या), ते तास या गप्प बसण्यातच जातात. आम्ही एक कलम घातलंय, दोघांपैकी कोणीही "आज कंडोम" म्हटलं की का असं विचारायचं नाही. भांडण काय, नंतरही होतं.

बाकी किरकोळ: इमर्जन्सी गोळीने दिवस राहणं टळतं, इन्फेक्शन नाही. लॅटेक्स कंडोमवर खोबरेल तेल लावू नका, फाटतो. आणि एकाला गनोरिया (संबंधातून पसरणारा गुप्तरोग) निघाला तर औषध दोघांनी घ्यायचं, आणि दोघांचा कोर्स संपून सात दिवस होईपर्यंत संबंध नाही, नाहीतर महिन्याभराने परत त्याच डॉक्टरच्या दारात.