हळदीचा वायदा विकताना महिना कोणता धरायचा?

दसरा-दिवाळीला वाशिम-रिसोडकडची हळद रानात हिरवीगार उभी असते आणि मोबाईलवर वायद्याचे भाव फिरायला लागतात. वायदा म्हणजे पुढच्या ठरलेल्या महिन्यात माल द्यायचा-घ्यायचा सौदा, ज्याचा भाव आजच ठरतो. असे सौदे चालणाऱ्या एनसीडीईएक्स या एक्स्चेंजवर तेव्हा डिसेंबरच्या वायद्यात जास्त व्यवहार दिसतो. भाव बरा दिसला की ‘डिसेंबर विकून टाकू’ असं बऱ्याच जणांच्या मनात येतं. पण तो महिना आपला नाही. डिसेंबरच्या वायद्यात भाव ठरतो तो गोदामातल्या जुन्या हळदीचा. जुना माल कमी पडला तर डिसेंबर भडकतो, आणि आपली हळद तेव्हा जमिनीतच असते. द्यायला माल नाही, वरून तोटा भरायचा.

आपला महिना शेताकडून उलटा मोजत यावा. जूनची लागवड असेल तर पाला वाळून काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. मग कुकरचा नंबर लागायचा, शिजवायची, दहा-पंधरा दिवस वाळवायची, पॉलिश करायची. त्यात मजूर मिळाले नाहीत किंवा मार्चमध्ये अवकाळी आला तर आठवडा-दोन आठवडे सहज जातात. म्हणजे माल बाजारात न्यायच्या लायक होतो तो मार्चच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत. नव्या हळदीचा वायदा एप्रिलचा. साधा नियम असा: ज्या महिन्यात माल विकणार, त्या महिन्याचा किंवा त्याच्या लगेच पुढचा वायदा धरायचा. माल विकण्याआधीच संपणारा वायदा कधीच धरू नये, कारण तो संपला की उरलेले दिवस तुम्ही पुन्हा उघड्यावर.

एप्रिलमध्ये एक तारीख नीट बघा. हळदीचा वायदा महिन्याच्या २० तारखेला संपतो, त्या दिवशी सुट्टी असेल तर आदल्या कामाच्या दिवशी. शेवटचे पाच व्यवहाराचे दिवस डिलिव्हरीचे असतात आणि मुदत जवळ आली की मार्जिनही (सौद्यासाठी ठेवायची हमी रक्कम) वाढतं. मध्ये १४ एप्रिलची सुट्टी आणि शनिवार-रविवार आले की हे पाच दिवस कॅलेंडरवर बरेच मागे सरकतात. डिलिव्हरी म्हणजे एक्स्चेंजच्या मान्यताप्राप्त गोदामात, ठरलेल्या प्रतीचा माल. आपल्यापैकी बहुतेकांना ते करायचंच नसतं, रिसोडच्या बाजारातच विकायचं असतं. म्हणून एप्रिलचा सौदा १० तारखेच्या आत काटायच्या, म्हणजे विकलेला वायदा परत विकत घेऊन मिटवायच्या तयारीने घ्यावा. माल त्यानंतर निघेल असं वाटत असेल तर सरळ मे धरा.

हिशेब कसा बसतो, ते समजायला मनातले आकडे घेऊ. एप्रिल वायदा १४,००० रुपये क्विंटलने विकला. एक लॉट (सौद्याचं किमान माप) ५ टनांचा, म्हणजे ५० क्विंटल. मार्चअखेर बाजारात हळद १२,२०० ला गेली आणि त्याच दिवशी वायदा १२,५०० ला परत घेतला. वायद्यात १,५०० सुटले, हाती आले १३,७००, त्यातून दलाली वजा होईल. उलट झालं, वायदा १६,००० वर आणि बाजार १५,७०० वर गेला, तर वायद्यात २,००० गेले आणि हाती पुन्हा १३,७००च. कागदावर दोन्ही सारखे. फरक इतकाच की दुसऱ्या वेळी लॉटमागे एकूण एक लाख रुपये, भाव चढेल तसे रोजच्या रोज, दलालाकडे भरावे लागतात, तेही हळद विकण्याआधी. ही सोय नसेल तर महिना कितीही अचूक निवडला तरी सौदा मधेच तुटतो. म्हणून सगळ्या पिकाचा वायदा करू नये, तिसरा हिस्सा पुष्कळ झाला. म्हणजे एका लॉटसाठी १५० क्विंटल वाळलेली हळद ज्याच्याकडे होणारच नाही, त्याने एकट्याने या वाटेला जाऊ नये. शेतकरी उत्पादक कंपनीत चार जणांचा माल एकत्र करून बघावं.

वायदा आणि बाजार यांत वर धरलेला ३०० रुपयांचा फरक काही कायम राहत नाही. वायद्याचा आधारभाव तेलंगणातल्या निजामाबाद बाजाराचा. तिथला आणि आपल्या बाजारातला फरक मागच्या दोन-तीन हंगामांत मार्च-एप्रिलमध्ये किती राहिला, हे बाजार समितीच्या पावत्यांवरून काढून ठेवा. भाव कांडीचाच (लांब बोटांचा) धरा, गट्टूचा (गोल गड्ड्यांचा) वेगळा. समुद्रपूरकडच्या वायगाव हळदीवाल्यांनी तर जपूनच राहावं. त्या मालाला वेगळं गिऱ्हाईक आहे, वायद्याशी त्याचा भाव जुळेलच असं नाही.

मे किंवा जून एप्रिलपेक्षा चढा दिसला म्हणून हुरळू नका. त्या चढात गोदामाचं भाडं, व्याज आणि घट असते. माल तोपर्यंत ठेवणार असाल तरच तो भाव तुमचा. आणखी एक बघायचं ते ओपन इंटरेस्ट, म्हणजे अजून न मिटलेले सौदे किती आहेत ते. एप्रिल नुकताच उघडलेला असताना घेणारे-विकणारे मोजकेच असतात. तेव्हा भाव टाकून ऑर्डर द्या, मिळेल त्या भावाची ‘मार्केट’ ऑर्डर नको. गर्दी वाढेपर्यंत थांबलात तरी बिघडत नाही.

कापूस वेचणी सुरू असलेल्यांसाठी थोडक्यात: कपाशीचा एप्रिल वायदा २० किलोला बोलतात. क्विंटलचा भाव काढायला पाचने गुणा, आणि तो राजकोटकडच्या मालाचा आहे हे विसरू नका. जनावरांसाठी सरकी ढेप घेणाऱ्यांना अकोल्याचा वायदा जास्त जवळचा. तिथे नियम तोच, फक्त बाजू खरेदीची: ढेप मार्चमध्ये लागणार तर मार्च घ्या. सोयाबीन आणि हरभऱ्याचे वायदे सेबीने (बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) २०२१ मध्ये थांबवले आणि त्या बंदीला मुदतवाढ मिळत गेली. तुरीचे तर २००७ मध्येच बंद झाले.

तेव्हा गावात कुणी ‘तुरीचा वायदा लावून देतो’ म्हणत असेल तर तो डब्बा समजा, म्हणजे एक्स्चेंजबाहेरचा चोरटा सौदा, बेकायदेशीर. खऱ्या सौद्याची कॉन्ट्रॅक्ट नोट (लेखी पावती) दलालाकडून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मिळते. त्यावर वस्तू, महिना, लॉट आणि खरेदी की विक्री, हे चारही रकाने स्वतः वाचून घ्या. एप्रिल सांगितला आणि डिसेंबर लागला, असं असेल तर ते त्याच दिवशी दुरुस्त करून घ्यायचं.