कुंडीतला दुष्काळ, पानावरचा मावा, मातीतली बुरशी: प्रयोगाआधीची तयारी

बी पेरण्याआधी वहीत लिहून ठेवा: ताण कसला, किती, कधीपासून आणि सलग की अधूनमधून. झाड, कीड आणि मातीतले सूक्ष्मजीव यांचं आपसातलं नातं पाण्याच्या ताणात कसं बदलतं हे बघायचं, तर बाकी सगळी तयारी या ओळीवर उभी राहते. कीड मागवून होते, बुरशीचं कल्चर (मुद्दाम वाढवलेली जिवंत बुरशी) फ्रिजमध्ये येऊन पडतं आणि पाण्याचं मात्र 'जरा कमी देऊ' एवढ्यावरच भागवलं जातं, असं मी फार वेळा पाहतो. या 'जरा कमी'मुळे निष्कर्ष चक्क उलटा फिरतो.

तो कसा फिरतो ते आधी समजून घ्या. संशोधक टी. सी. आर. व्हाइट यांनी १९६९ मध्ये मांडलं की ताणातल्या झाडात किडीला पचेल असा नायट्रोजन वाढतो, म्हणून अशा झाडांवर कीड फोफावते. पुढे प्रयोग साठत गेले तसं रसशोषक किडींच्या बाबतीत वेगळंच दिसू लागलं. सलग ताणात झाडाच्या पेशींमधला दाब उतरतो आणि रस असूनही माव्याला तो नीट ओढता येत नाही. ह्युबर्टी आणि डेनो यांनी २००४ मध्ये हे सगळं एकत्र तपासलं आणि अधूनमधून पडणाऱ्या ताणाची कल्पना पुढे आणली: ताण पडला, नायट्रोजन वाढला, मग पाणी मिळून पेशी पुन्हा ताठ झाल्या, तर माव्याची चंगळ होते. झाड तेच, मावा तोच, पाण्याचं वेळापत्रक तेवढं वेगळं. म्हणून वेळापत्रक ठरल्याशिवाय कुंड्यांना हातसुद्धा लावू नका.

मग झाड निवडा. मायकोरायझा, म्हणजे मुळांशी जोडून राहणारी आणि झाडाशी देवाणघेवाण करणारी बुरशी घालून बघायची असेल तर मोहरी-कोबीच्या कुळातली झाडं आणि पालक बाद करा, कारण ही झाडं या बुरशीशी जोडली जात नाहीत. टोमॅटो, मका, घेवडा चालतील. घेवड्यात मुळांवरच्या गाठींमधले जिवाणूही आले, म्हणजे हिशेबात आणखी एक भिडू वाढला. पहिल्याच प्रयोगाला टोमॅटो घ्या, असं माझं मत.

कुंड्यांचा हिशेब सोपा आहे. पाणी पुरेसं किंवा कमी, मावा आहे किंवा नाही, बुरशी आहे किंवा नाही, असे आठ गट होतात. प्रत्येकात दहा म्हणजे ८० कुंड्या. वर थोड्या जादा लावा, त्या कशासाठी ते पुढे येतंच. मातीबद्दल मात्र सावध राहा. पाच ठिकाणची माती आणून एकत्र कालवली की ती एकच माती झाली, पाच नमुने उरले नाहीत. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये ज्या खोट्या पुनरावृत्तीवर (एकाच नमुन्याला अनेक नमुने म्हणून मोजण्यावर) बोट ठेवलं, ती हीच. 'कोरडवाहू जमिनीतल्या सूक्ष्मजीवांमुळे झाड तगतं' असं म्हणायचं असेल तर प्रत्येक ठिकाणची माती शेवटपर्यंत वेगळी ठेवा. मातीचा पूर्वेतिहासही टिपून ठेवा. लाउ आणि लेनन यांनी २०१२ मध्ये दाखवलं की कोरड्या परिस्थितीत राहिलेल्या मातीतला सूक्ष्मजीवसमूह पुढच्या दुष्काळात झाडाला जास्त साथ देतो. तुमच्या मातीनं आधी काय सोसलंय हे माहीत नसेल तर ती आज जे करते त्याचा अर्थ लागणार नाही.

मातीचं निर्जंतुकीकरण एका फेरीत उरकू नका. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) १२१ अंश सेल्सिअसला एक फेरी, मग एक दिवस थांबून दुसरी, जमलं तर तिसरीही, कारण पहिल्या उष्णतेतून वाचलेले बीजाणू मधल्या वेळात रुजतात आणि पुढच्या फेरीत मरतात. उष्णतेनं मातीतला अमोनियम आणि मँगनीज मोकळा होतो, म्हणून माती काही दिवस तशीच पडू द्या आणि मगच रोप लावा. 'जिवंत माती विरुद्ध मेलेली माती' अशी थेट तुलनाही करू नका. सगळ्याच कुंड्यांत निर्जंतुक माती भरा. अर्ध्या कुंड्यांना जिवंत बुरशीचं कल्चर द्या, उरलेल्या अर्ध्यांना तेच कल्चर ऑटोक्लेव्ह करून तेवढ्याच वजनानं द्या. मग जिवंत कल्चर पाण्यात ढवळून २० ते २५ मायक्रॉनच्या जाळीतून गाळा आणि ते पाणी सगळ्या कुंड्यांना घाला. मायकोरायझाचे बीजाणू जाळीवर अडतात, जिवाणू खाली उतरतात. त्यामुळे दोन्ही बाजूंना जिवाणू तेच राहतात, फरक फक्त बुरशीचा उरतो.

आता पाणी. यासाठी चांगला वजनकाटा लागतो, आणि रोज ठरलेल्या वेळी कुंड्या उचलणारा माणूस. समजा रिकामी कुंडी १५० ग्रॅमची आहे. तिच्यात १०५ अंशांवर वाळवून काढलेल्या हिशेबानं २,००० ग्रॅम कोरडी माती आहे, आणि ती माती पूर्ण भिजून निथळल्यावर ६०० ग्रॅम पाणी धरते. पुरेसं पाणी म्हणजे जलधारण क्षमतेच्या ८० टक्के धरलं तर ४८० ग्रॅम, ताण म्हणजे ४० टक्के धरला तर २४०. कुंडीचं लक्ष्य-वजन झालं २,६३० आणि २,३९०. रोज वजन करायचं आणि कमी भरेल तेवढं पाणी घालायचं.

हे सोपं वाटतं, पण झाड वाढतं. रोप ६० ग्रॅमचं झालं की तुमचा काटा त्या ६० ग्रॅमलाही पाणीच समजतो, आणि ताणाच्या कुंडीतलं खरं पाणी २४० ऐवजी १८० वर येतं. ताण आपोआप कडक होत जातो. शिवाय जिथे झाड मोठं तिथे तो जास्त कडक होतो, म्हणजे बहुधा बुरशीच्याच कुंड्यांत. जादा कुंड्या लावायला सांगितल्या त्या यासाठी. दर आठवड्याला प्रत्येक गटातली एकेक जादा कुंडी मोडा, रोपाचं ओलं वजन घ्या आणि त्या गटाचं लक्ष्य-वजन तेवढं वाढवा.

आणखी एक गोष्ट आधीच ठरवा: सगळ्यांना सारखं पाणी मोजून देणार, की सगळ्या मातीतली ओल सारखी ठेवणार? सारखं पाणी दिलं तर मोठं झाड ते लवकर पिऊन टाकतं आणि जास्त ताण सोसतं. सारखी ओल ठेवली तर त्याच झाडाला रोज जास्त पाणी मिळतं. दोन्ही पद्धती रास्त आहेत, फक्त दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. झाड, कीड, बुरशी यांच्या परस्परसंबंधांवर दोन गट वेगवेगळं बोलतात तेव्हा मी सगळ्यात आधी हाच मुद्दा तपासतो.

माव्याची वसाहत एकाच मादीपासून वाढवा, म्हणजे सगळे जनुकीयदृष्ट्या सारखे निघतात. ती प्रयोगातल्याच जातीच्या झाडावर वाढवा. प्रौढ माद्या रात्रभर पानावर सोडा आणि सकाळी काढून घ्या, मागे एकाच वयाची पिल्लं राहतात. पिंजऱ्यांत तापमान चढू देऊ नका. माव्याच्या शरीरात ब्युख्नेरा नावाचे जिवाणू त्याला आवश्यक अमिनो आम्लं पुरवतात आणि ते उष्णतेला नाजूक असतात. ते खंगले तर मावा खंगतो, आणि तुम्ही दोष झाडाच्या प्रतिकाराला द्याल. मावा नसलेल्या झाडांनाही रिकामे पिंजरे लावा, ब्रशनं तेवढंच हाताळा, कारण नुसत्या स्पर्शानंही झाडातलं जास्मोनिक आम्ल हे बचावाचं संप्रेरक वाढतं.

पिवळे चिकट सापळे, कुंडीच्या तोंडावर वाळूचा थर, ब्लीचनं धुतलेल्या कुंड्या: हे सगळं बुरशीमाशांसाठी. त्यांच्या अळ्या बुरशीचे तंतू आणि कोवळी मुळं खातात, आणि त्या एका कुंडीतून दुसरीत पसरल्या तर प्रयोग हातचा गेला. कुंड्यांच्या जागा ठरावीक दिवशी चिठ्ठ्या टाकून बदला.

संप्रेरकं मोजायची असतील तर द्रवरूप नायट्रोजनची सोय आधीच करा. पर्णरंध्रं मिटवणारं अॅबसिसिक आम्ल पाण्याच्या ताणात वाढतं, पानं कुरतडणाऱ्या अळ्यांनी जास्मोनिक आम्ल चढतं, माव्यानं बऱ्याचदा सॅलिसिलिक आम्ल, आणि शेवटची दोन एकमेकांना दाबतात. या सगळ्यांची पातळी दिवसभरात वर-खाली होते. म्हणून सगळे नमुने ठरलेल्या एकाच वेळेत घ्या, घेतल्याबरोबर गोठवा आणि उणे ८० अंशांवर ठेवा. मुळांना चिकटलेली माती डीएनएसाठी हवी असेल तर ती सगळ्यात आधी झाडून घ्या, मुळं धुण्याच्या आधी. पान ताठ आहे की मलूल हे डोळ्यांवर सोडू नका. ताजं, पूर्ण भिजवलेलं आणि वाळलेलं अशी तीन वजनं घेऊन सापेक्ष जलांश काढा, म्हणजे पूर्ण भिजलेल्या पानाच्या तुलनेत त्यात किती पाणी आहे ते.

बुरशी खरंच लागली का हे मुळात बघितल्याशिवाय मानू नका. मुळांचे तुकडे १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करून पारदर्शक करा आणि काळी शाई मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये रंगवा. ट्रायपॅन ब्लू या नेहमीच्या रंगद्रव्यापेक्षा हे सुरक्षित, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू स्पष्ट दिसतात. मारलेलं कल्चर दिलेल्या कुंड्यांतली मुळंही तपासा. त्यात बुरशी सापडली तर ती कुंडी तुलनेतून काढायची का, हा नियम आत्ताच वहीत लिहा, निकाल डोळ्यांसमोर आल्यावर नाही.

काढणीच्या आठवडाभर आधी जादापैकी दोन कुंड्या घड्याळ लावून पूर्ण मोडून बघा: मावा मोजणं, पान गोठवणं, माती झाडणं, मुळं धुणं, पिशवीत भरणं. एका कुंडीला १२ मिनिटं लागली तर ८० कुंड्यांना १६ तास, म्हणजे एका जोडीचे दोन दिवस. गटवार काढणी केली तर पहिल्या दिवशीचे गट ओले आणि दुसऱ्या दिवशीचे जास्त सुकलेले निघतील. म्हणून प्रत्येक गटातली एकेक कुंडी मिळून एक ब्लॉक बनवा आणि काढणी ब्लॉकवार करा. नळ्यांवरची लेबलं आदल्या रात्रीच, उणे ८० अंशांत टिकणाऱ्या शाईनं लिहून ठेवा.