कटिंग टूलच्या प्रकारानुसार आयएसओ १३३९९ चा डेटा कसा जुळवावा

कटिंग टूलची माहिती संगणकीय स्वरूपात मांडण्याच्या आयएसओ १३३९९ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार टूल उत्पादकाकडून आलेली फाइल कॅम (मशीनिंगचा प्रोग्रॅम बनवणाऱ्या) सॉफ्टवेअरमध्ये घेतली की टूल लायब्ररी तयार झाली, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात ‘लांबी’ आणि ‘व्यास’ या दोन साध्या शब्दांचा अर्थ ड्रिल, फेस मिल, बॉल नोज एंड मिल आणि टर्निंग होल्डर यांच्या बाबतीत सारखा राहत नाही. म्हणून कोणताही आकडा उचलण्यापूर्वी तो कुठून कुठपर्यंत मोजलेला आहे हे निश्चित करावे. माझ्या मते या कामातल्या बहुतेक चुका इथेच होतात.

सुरुवात टूलचे भाग वेगळे करण्यापासून करावी. हे मानक चार प्रकारचे घटक मानते : इन्सर्टसारखा (बदलता येणाऱ्या कापणाऱ्या तुकड्यासारखा) प्रत्यक्ष कापणारा कटिंग आयटम, त्याला धरणारा टूल आयटम, मशीनच्या स्पिंडलशी जोडून देणारा अडॅप्टिव्ह आयटम आणि स्क्रू, शिम, क्लॅम्प यांसारखे असेंब्ली आयटम. प्रत्येकाची नोंद स्वतंत्र ठेवावी आणि त्यांच्या जोडणीची नोंद वेगळी करावी, म्हणजे एकच एंड मिल दोन निरनिराळ्या होल्डरमध्ये वापरताना तिची माहिती दोनदा भरावी लागत नाही. जोडणी करताना टूलचा मशीनकडच्या बाजूचा व्यास, म्हणजे डीसीओएनएमएस, होल्डरच्या जॉबकडच्या बाजूच्या व्यासाशी, म्हणजे डीसीओएनडब्ल्यूएसशी, जुळतो की नाही हे तपासावे.

त्यानंतर मानकातील प्रत्येक संकेत आपल्या सॉफ्टवेअरच्या कोणत्या रकान्यात जाणार, याचा तक्ता तयार करावा. कापण्याचा व्यास डीसी, कार्यकारी लांबी एलएफ, एकूण लांबी ओएएल, कापण्याची कमाल खोली एपीएमएक्स, टोकाची त्रिज्या आरई आणि धारेचा कोन केएपीआर हे संकेत जवळपास रोज लागतात. मात्र सर्व टूलसाठी एकच तक्ता करू नये. प्रत्येक टूल कुटुंबासाठी तो वेगळा असावा. तसे का, हे ड्रिलवरून लगेच कळते.

सॉलिड ड्रिलच्या डेटामध्ये एलएफ सामान्यतः पूर्ण व्यास जिथे सुरू होतो त्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत मोजलेली असते, तर ओएएलमध्ये टोकही धरलेले असते. या दोहोंतला फरक म्हणजे टोकाची लांबी, पीएल. ती काढण्यासाठी अर्ध्या व्यासाला टोकाच्या अर्ध्या कोनाच्या टॅन्जंटने भागावे. १० मिमी व्यासाच्या आणि १४० अंशाच्या ड्रिलसाठी ती १.८२ मिमी येते; ११८ अंशाच्या ड्रिलसाठी ३ मिमी. मशीनवरचा लांबीचा ऑफसेट, म्हणजे कंट्रोलरला दिलेली टूलची लांबी, बहुधा टोकावरून घेतला जातो. त्यामुळे फाइलमधली एलएफ तशीच ऑफसेट म्हणून वापरली, तर १४० अंशाचे ड्रिल ठरवलेल्या खोलीपेक्षा १.८२ मिमी जास्त खाली जाईल, आणि बंद भोकाच्या खाली पातळ भिंत असेल तर जॉबच वाया जाईल. म्हणून ड्रिलच्या तक्त्यात टोकापर्यंतची लांबी काढताना एलएफमध्ये पीएल मिळवण्याचा नियम स्पष्टपणे लिहून ठेवावा.

टर्निंगमध्ये चूक लहान असते, पण ती सहज नजरेआड होते. सीएनएमजी १२०४०८ या इन्सर्टच्या नावातच १२.७ मिमी अंतर्वृत्त, ४.७६ मिमी जाडी आणि ०.८ मिमी टोकाची त्रिज्या सांगितलेली आहे. होल्डरची एलएफ आणि डब्ल्यूएफ (कार्यकारी रुंदी) ही मापे एका ठरावीक त्रिज्येचा इन्सर्ट गृहीत धरून दिलेली असतात. ९५ अंशाच्या होल्डरवर ८० अंशाच्या या इन्सर्टऐवजी ०.४ मिमी त्रिज्येचा इन्सर्ट बसवला, तर दोन्ही दिशांना टोक सुमारे ०.०४ मिमी पुढे येते, म्हणजे बाहेरच्या टर्निंगमध्ये व्यास ०.०८ मिमी कमी निघतो. होल्डरच्या नोंदीत मूळ गृहीत त्रिज्या जपून ठेवावी आणि इन्सर्ट बदलल्यावर फरक सूत्राने काढावा, किंवा टूल पुन्हा मोजावे. नोज रेडियस कॉम्पेन्सेशनसाठी, म्हणजे टोकाच्या त्रिज्येमुळे येणारा फरक कंट्रोलरने भरून काढण्यासाठी, आरईबरोबर टोकाच्या दिशेचा क्रमांकही लागतो, आणि तो कंट्रोलरच्या पद्धतीनुसार आपणच भरावा.

फेस मिलमध्ये दोन व्यास वेगळे ठेवावेत. केएपीआर ४५ अंश असेल तर डीसी हा कापण्याचा आधारभूत व्यास असतो, तर डीसीएक्स, म्हणजे कापण्याचा कमाल व्यास, त्याहून मोठा असतो. टक्कर तपासण्यासाठी डीसीएक्सच वापरावा. प्रतिदात फीडही (एका दातामागे कटर पुढे सरकतो ते अंतर) ९० अंशाच्या कटरवरून जसेच्या तसे आणू नये. कटर पूर्ण रुंदीने कापत असताना चिपची कमाल जाडी फीडला कोनाच्या साइनने गुणून मिळते, म्हणून ४५ अंशावर ०.२ मिमी फीडला ती ०.१४ मिमीच राहते. १० अंशाच्या हाय फीड कटरवर ०.८ मिमी फीड देऊनही ती तेवढीच असते. बॉल नोजच्या बाबतीत नोंदीतला व्यास वेग ठरवण्यासाठी पुरेसा नसतो : १० मिमीचे टूल सपाट पृष्ठभागावर ०.५ मिमी खोलीने कापते तेव्हा प्रभावी व्यास सुमारे ४.३६ मिमी असतो, आणि मिनिटाला १५० मीटर वेगासाठी ४,७७५ ऐवजी सुमारे १०,९५० फेरे लागतात. आटे पाडणाऱ्या टॅपमध्ये फीड निवडण्याचा पर्याय उरतच नाही. एका फेऱ्याचे फीड पिचइतकेच, म्हणजे दोन आट्यांमधल्या अंतराइतकेच, ठेवावे.

वेग आणि फीड टूलच्या भौमितिक नोंदीत मिसळू नयेत, कारण आयएसओ १३३९९ टूलचे वर्णन करते, त्याच्या वापराचे नाही. टूल, प्रक्रिया आणि आयएसओ ५१३ मधील पी, एम, के, एन, एस, एच यांपैकी जॉबच्या सामग्रीचा गट अशा तिहेरी जोडीला ही मूल्ये बांधावीत. पुढे सीएनसी मशीनला माहिती देण्याच्या, आयएसओ १४६४९ च्या स्टेप-एनसी पद्धतीकडे जायचे असेल तर ही विभागणी उपयोगी पडते, कारण तिथेही टूल आणि प्रक्रियेची तांत्रिक मूल्ये वेगळीच मांडली जातात.

शेवटी प्रत्येक कुटुंबातील निदान एक टूल प्रीसेटरवर (मशीनबाहेर टूल मोजण्याच्या उपकरणावर) मोजून लायब्ररीतील आकड्याशी ताडावे. फरक पीएलइतका किंवा त्रिज्येच्या दुरुस्तीइतका निघाला, तर दोष मापनात नसून तक्त्यात आहे असे समजावे. धार लावून आलेल्या ड्रिलची बदललेली लांबी त्या विशिष्ट टूलच्या क्रमांकावर नोंदवावी आणि उत्पादकाचा मूळ आकडा जसा आहे तसाच राहू द्यावा.