क्लोनिंगवर भाषण ठोकताय? या चुका टाळा

गोव्यात वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलं की ‘मानवी क्लोनिंग : शाप की वरदान’ कधी ना कधी वाट्याला येतंच. चुका मात्र वर्षानुवर्षं त्याच.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक: ‘भारतात क्लोनिंग केल्यास दहा वर्षं कैद!’ फोंड्याच्या एका स्पर्धेत एका मुलाने हे टेबलावर हात आपटून सांगितलं. टाळ्याही मिळवल्या. विचारलं, ‘बाबा, कायदा कुठला?’ म्हणाला, ‘सर, नेटवर आहे.’ नेटवर होता ब्रिटनचा २००१ चा कायदा. आपल्याकडे यावर स्वतंत्र कायदाच नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत क्लोन करून मूल जन्माला घालायला मनाई आहे, पण नुसती ती मोडली म्हणून तुरुंग होत नाही. गुन्हा आणि शिक्षा कायद्यात लिहिलेली लागते; संविधानाचं कलम २० काढून वाचा. माझ्याकडे शिकणाऱ्यांना मी आधी कायद्याचं नाव, देश आणि साल वहीत लिहायला लावतो, शिक्षेचा आकडा नंतर. आदल्या रात्री मोबाईलवरून भाषण उतरवणाऱ्यांना हे जाचक वाटतं. वाटू दे.

दुसरी चूक, ‘क्लोन म्हणजे माणसाची झेरॉक्स, तिला कसले हक्क?’ अहो, जुळी भावंडं पाहिली नाहीत का? क्लोन तान्हं बाळ म्हणूनच जन्मणार, आणि जन्मलं की हक्क आले. खरी गंमत वारशात आहे, आणि गोंयकाराला ती चटकन कळायला हवी. ज्याची पेशी घेतली, त्याचा हा क्लोन जनुकांच्या हिशेबाने जुळा भाऊ. वाढवला मात्र मुलगा म्हणून. आपल्या गोव्याच्या वारसा कायद्यात मुलांसाठी निम्मी मालमत्ता राखीव असते, मृत्युपत्रानेही ती सहसा हिरावता येत नाही. भावाला असं संरक्षण नाही. मग इन्व्हेंटरीत, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटायच्या कोर्टातल्या प्रक्रियेत, याला कुठे बसवणार? यावर बोला, मी गुण देतो.

‘डॉली या क्लोन मेंढीसाठी २७७ मेंढ्या मेल्या’ असं म्हणू नका. २७७ ही पेशींशी जुळवलेली बीजांडं होती. त्यांतून २९ भ्रूण रोवले गेले आणि एकच कोकरू जन्मलं. माणसात असं झालं तर पडलेल्या गर्भांची जबाबदारी कुणाची, हा मुद्दा त्यातूनच निघतो.

उपचारासाठीचं क्लोनिंग आणि मूल जन्माला घालणं यांची खिचडी करू नका.

संयुक्त राष्ट्रांचा मानवी क्लोनिंगवरचा २००५ चा जाहीरनामा बंधनकारक नाही, आणि भारताने त्याच्या विरोधात मत दिलं होतं. हे ठाऊक नसेल तर त्याचं नाव घेऊ नका; मी हटकून विचारतो.