आधी खोली, मग गोळी

मी मुंबईत पीअर म्हणून काम करते, म्हणजे आपल्यातल्याच पोरींना उपचारात सोबत करते. स्वतः तृतीयपंथी, स्वतः एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांवर. या कामात नव्या येणाऱ्या पोरींचा पहिला प्रश्न ठरलेला: अक्का, गोळ्यांचं काय काय शिकावं लागेल? गोळ्यांचं शिकायला एक दुपार पुरते. टीएलडी म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर, तिन्ही एकाच गोळीत, दिवसातून एकदा, सरकारी सेंटरवर फुकट. वेळ लागतो तो दुसऱ्याच गोष्टीला: ती डबी ठेवायची कुठे?

दहा बाय दहाची खोली, त्यात सहा जणी, कपाट एकच आणि तेही गुरूचं. डबीत ३० गोळ्या, हलवली की खुळखुळा. लेबलावरचं नाव कुणी मोबाइलवर टाकलं की संपलं. म्हणून पोरी लेबल खरवडतात, गोळ्या भलत्याच डब्यात ओततात. एका पावसाळ्यात एकीचा पावडरचा डबा उघडला, तर गोळ्या दमट होऊन एकमेकींना चिकटलेल्या, वर गुलाबी थर. ती म्हणाली, ‘अक्का, औषधपण नटलं बघ.’ मीही हसले. मग तिची डबी आमच्या ऑफिसच्या कपाटात ठेवली. मंगतीवरून, म्हणजे पैसे मागून, परतताना ती रोज यायची, समोरच्या माठातलं पाणी घेऊन गोळी गिळायची. खोली मिळेपर्यंत चार महिने असंच चाललं.

खोली शोधणं हे निम्मं काम. एजंट फोनवर ‘मॅडम, मॅडम’ करतो आणि दारात पाहिलं की खोली ‘आत्ताच गेली’. नाहीतर डिपॉझिट दुप्पट. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने एचआयव्ही आहे म्हणून घर नाकारता येत नाही, २०१९ च्या ट्रान्सजेंडर कायद्याने तृतीयपंथी आहे म्हणूनही नाही. कलमं पाठ करा, पोलीस ठाण्यात उपयोगी पडतात. पण कायदा दाखवून खोली मिळालेली मी अजून पाहिली नाही. मिळते ती ओळखीवर: त्याच चाळीत वेळेवर भाडं भरणारी आपली एखादी असते, तिने मालकिणीला शब्द दिला की. अगदीच आसरा नसेल तर सरकारी योजनेतलं गरिमा गृह आहे, पण एका घरात साधारण २५ जणींचीच सोय. जिल्हाधिकाऱ्यांकडचं ओळखपत्र नसेल तर आधी पोर्टलवर त्याचा अर्ज भरून घ्या, सगळीकडे लागतं.

सेंटरवर पहिल्या दिवशी सोबत जा. आधारवरचं जुनं नाव रांगेत मोठ्याने पुकारलं की पोरगी तिथूनच मागे फिरते. खिडकीवर आधीच सांगून ठेवा, नंबरने हाक मारा म्हणून. हार्मोन घेणाऱ्या पुष्कळ जणी ‘दोन्ही एकत्र चालत नाहीत’ या ऐकीव भीतीने एआरटी सोडतात. चालतं. फक्त हार्मोन घेते हे डॉक्टरला सांगायला लावा. कॅल्शियम, लोह किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी मात्र सोबत नको. टीएलडी तिच्या दोन तास आधी घ्यायची. सहाव्या महिन्यात व्हायरल लोड होतो, म्हणजे रक्तात विषाणू किती याची तपासणी. त्यात विषाणू ‘सापडला नाही’ आणि गोळ्या चालू राहिल्या, तर संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. हे वाक्य पोरीला दोनदा सांगा, पहिल्यांदा पटत नाही.

आता माझी चूक. पहिल्याच वर्षी मी प्रकल्पाने दिलेली पिशवी खांद्याला लावून एकीच्या खोलीवर गेले. पिशवीवर लाल रिबीन, एचआयव्हीची खूण, छापलेली. खालच्या मजल्यावरच्या बाईने पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग वरच्या दाराकडे. आठवड्यात पोरीचं सामान जिन्यात होतं. कुणाचं एचआयव्ही स्टेटस लेखी संमतीशिवाय सांगायचं नाही, हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. मी तोंडाने एक अक्षर बोलले नव्हते. तेव्हापासून माझ्याकडे भाजीची कापडी पिशवी असते.

ती आठ महिने गायब. रजिस्टरमध्ये एलएफयू, म्हणजे उपचारातून सुटलेली, असं लिहिलं, तेही माझ्याच हाताने. मग एका रात्री सुरतहून फोन आला.

‘अक्का, इथे गोळ्या मिळतील का गं?’

‘सेंटरने दिलेली हिरवी पुस्तिका आहे?’

‘आहे. साडीच्या घडीत.’

‘मग मिळतील. आधी सांग, राहतेस कुठे?’