एआयला पेमेंट खातं जोडताना रक्कम तपासा
रेझरपे या ऑनलाइन पेमेंट सेवेचा एमसीपी सर्व्हर (एआयला तुमच्या खात्याशी जोडणारा दुवा) एआय असिस्टंटला जोडला की 'कालची पेमेंट्स दाखव' एवढं टाइप करून भागतं. सुरुवात टेस्ट मोडच्या, म्हणजे खरे पैसे न हलवणाऱ्या चाचणीच्या, कीनेच (खातं उघडणाऱ्या कोडनेच) करा; टेस्ट का लाइव्ह, ते कीच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं. खरी गोम रकमेत आहे. गिऱ्हाइकाला पाठवायची पेमेंट लिंक बनवताना आकडा रुपयांत नाही, पैशांत द्यावा लागतो: ५०० रुपयांसाठी ५००००. असिस्टंटने नुसते ५०० पाठवले तर गिऱ्हाइकाला ५ रुपयांची लिंक जाणार! म्हणून पहिली लिंक स्वतः उघडून रक्कम वाचा. लाइव्ह की लावल्यावर सर्व्हर 'रीड-ओन्ली' ठेवा, म्हणजे असिस्टंटला फक्त बघता येईल, काही बदलता येणार नाही. हिशेब बघायला तेवढं पुरे. रिफंड मात्र डॅशबोर्डवर जाऊन आपल्याच हाताने करावा, असं माझं स्पष्ट मत. आणि सीक्रेट की चॅटमध्ये कधीच पेस्ट करू नका.